कंसातले सेकंद

मठकर सरांनी फळ्यावर दोन चौकोन काढले.
एकात प्रेषक, दुसऱ्यात ग्राहक,
मधे बाण, बाणावर संदेश,
आणि बाणाच्या अंगाला चिकटलेल्या खडूच्या वळवळत्या रेघा.
हा व्यत्यय, सर म्हणाले.
मागच्या बाकावरून निवतकर म्हणाला, सर, कोळंबी वाटते.
सरही हसले. तास संपेपर्यंत कोळंबी फळ्यावरच होती.

मग गृहपाठ सांगितला:
घरातलं दहा मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करा,
जसंच्या तसं उतरवा, शुद्ध करत बसू नका.
कुणी गप्प राहिलं तर तो वेळ कंसात लिहा,
सेकंद मोजून.

मी नवाबागची. वेंगुर्ल्याच्या खाडीच्या तोंडाशी आमचं घर.
इथे लोक बोलतात ते वाळूवर,
रापणीचा दोर ओढताना, लिलावात, भांडणात.
घरात आलं की तोंडं मिठात घातल्यासारखी.
दीक्षाने सासू-सुनेची आख्खी लढाई आणली, चौदा पानं.
माझं सगळं मिळून एक पान भरलं, तेही रुंद समास सोडून.

आये: इलास?
आबा: हूं.
(६)
आये: गावला काय?
आबा: पेडवे. थोडे.
(११)
आये: शुक्रवार शेवटची तारीख.
(१९)
आबा: इंजिन ऱ्हवांदे.
(४)
आये: निवता हा. जेव.

बाकी सगळा जाळ्याच्या सुईचा आवाज,
शेजारच्या टीव्हीवर कुणीतरी रडतंय,
आणि एकोणीस सेकंदांच्या मधोमध एक
फट्.
मी त्याच्यापुढे लिहिलं: व्यत्यय.

रात्री हेडफोन लावून पुन्हा ऐकलं,
एवढं लहान पान सरांना द्यायची लाज वाटत होती म्हणून.
सुई थांबते.
आयेची बांगडी ताटाला लागते, मग तीही थांबते.
टीव्हीवरची बाई रडतेच आहे.
आणि मग तो फट्.

तो आवाज मी ओळखते.

मी चौथीत असताना आबा टेकडीवर उभे राहायचे,
पाण्यात काळी सावली सरकते ती बघत.
खाली होडी, होडीत बारा माणसं,
हाक पोचणार नाही इतकं अंतर, त्यात वारा.
आबांच्या हातात लाल पंचा.
दक्षिणेकडे धरला, की होडी दक्षिणेला.
डोक्यावर फिरवला, की थांबा, मासा बुजलाय.
आणि एकदाच, जोरात, खाली झटकला
की सोडा जाळं. आता मागे बघू नका.
बारा माणसं त्या एका झटक्यावर
सगळा दिवस पाण्यात टाकायची.

पुढे मोठ्या बोटी आल्या, त्यांच्या पडद्यावर मासा दिसतो.
टेकडीवर आता कुणी जात नाही.
पंचा आबांच्या खांद्यावर राहिला, घाम पुसायला,
असं मला वाटत होतं.

शुक्रवार कसली तारीख ते मला माहीत होतं.
इंजिन दोन महिने बंद आहे तेही.
दोन्ही गोष्टी मला वेगवेगळ्या माहीत होत्या.
मी तिथेच बसले होते, सुपाआड मोबाइल लपवून,
आणि मनात म्हणत होते,
बोला रे काहीतरी, माझे मार्क जातील.

सरांनी दहापैकी सात दिले.
लाल शाईत शेरा: संभाषण फार त्रोटक.
त्याखाली, बहुधा नंतर, पेन्सिलीने:
‘फट्’ म्हणजे काय?

मी व्यत्यय हा शब्द खोडला.
त्या जागी काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही.
फीची पावती वहीत आहे.
इंजिन पडवीत, निळ्या ताडपत्रीखाली.
आबा त्याच्यावर जाळं वाळत घालतात
आणि मी दारातून आत आले की विचारतात,
इलंस?

हूं, मी म्हणते.
(३)